उवा घरच्या, नाव भाग्यलक्ष्मीचं

...आणि वर म्हणत्यात काय, तर सुनेनं माहेरासनं उवा आणल्या! ऐका म्हणजे झालं! अवो, बेळगुंदीसनं पोरीनं काय काय आणलं ते आमी शेजारीच हाय, आमी बघितलंय की... कपाट आणलं, गादी आणली, भांडी आणली, उवांचा डबा काय उतरवल्याला आमाला दिसला न्हाय बाई!

तुमास्नी सांगते, वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून बायाक्काचं घर. खाली माग, दिवसभर खडखड खडखड. ल्योक रविराज माग बघतो, साड्या घरातनंच इकतात, आणि त्याची बायको ही भाग्यलक्ष्मी, शहरात रक्त तपासायच्या लॅबात काउंटरला बसती. लग्नाला अजून वरीस व्हायचंय. आणि त्या पोरीचं केस! दाट म्हणजे किती दाट, त्यात कुरळं, वेणी घातली तर मनगटाएवढी, आणि कंगवा घातला तर दात आत ऱ्हाणार आणि नुसती मूठ भाईर येणार! बघायला गेलती तवा हीच बायाक्का म्हणली, "केस सोड की गं जरा, बघू दे आमाला." पोरीनं सोडलं, आणि बायाक्काचा होकार तिथंच आला. आता तीच बायाक्का म्हणती, "केस न्हवं त्ये, रान हाय रान! म्हणून तर शिरल्या!" केस दाट असणं हा काय गुन्हा हाय व्हय?

झालं काय, उन्हाळ्याच्या सुट्टीत निपाणीची नणंद आली, रूपाली, दोन पोरींना घिऊन. पोरी आल्यापासनं डोस्कं खाजवत्यात... जेवताना खाजवत्यात, टीव्ही बघताना खाजवत्यात, दोन्ही हातांनी! रूपाली म्हणती, "घामानं होतंय गं वैनी, उन्हं किती पडल्यात." आणि पोरींना मामीच्या केसांचं लई याड. वेणी गळ्यात घिऊन बसायच्या, मामीच्या उशीवरच झोपायच्या. सुट्टी सरली, पोरी गेल्या निपाणीला. पाहुणे तेवढे ऱ्हायले... मामीच्या डोस्क्यात!

आणि बाई, फुटलं कवा? तर ऐन गिऱ्हाइकापुढं. हिंडलग्याची माणसं आलती, लग्नाच्या साड्या घ्यायला. भाग्यलक्ष्मी वाकून साडी उलगडत हुती, मोतिया रंगाची, तर वरनं टुपकन् पडली की हो एक! पडली ती पडली, आणि जरीच्या काठावरनं अशी सावकाश निघाली, जसं काय साडी तिलाच घ्यायची हाय! नवरीच्या आईनं पाय आखडून घेतलं. आणि बायाक्का काय म्हणावी? "छी गं बाई! आमच्या घरात असलं कधी न्हवतं. ही बेळगुंदीसनं घिऊन आली." सगळ्यांपुढं! पोरगी घडी हातात धरून तशीच हुबी, कानाच्या पाळ्या लाल... आणि गिऱ्हाईक 'जाऊन येतो' म्हणून गेलं त्ये गेलंच.

मग काय, उपचार सुरू! कापूर घालून खोबरेल झालं, कडुनिंबाचा पाला वाटून झाला, डोस्कं असं हिरवंगार की लॅबातली माणसं इचारत्यात, "मॅडम, पूजा हुती व्हय?" बायाक्का म्हणती, "रॉकेल लाव." पोरगी म्हणली, "आत्या, आणि पेटलं तर?" तर म्हणती, "पेटलं तर उवा ऱ्हातील व्हय?" घ्या! शेवटाला सीताफळाच्या बिया कुटून थापल्या, त्यातलं पाणी उतरलं डोळ्यात, डोळं सुजून टमाट्याएवढं. डॉक्टर वरडलं, "कुणी सांगितलं हे? दृष्टी गेली असती म्हणजे?" आता कुणी सांगितलं त्ये पोरगी कशी सांगणार? सांगणारीण शेजारच्याच खुर्चीवर बसल्याली!

डॉक्टरनं औषध लिहून दिलं. औषधाच्या दुकानदारानं वेणी बघितली, चष्मा वर केला, आणि म्हणला, "अय्यो, ओंदु बाटली साकागल्ल री!" एका बाटलीनं भागत न्हाय म्हणं. दुकानात रांगेतली सगळी माणसं वळून वेणीच बघायला लागली. केस दाट असणं हा काय गुन्हा हाय व्हय?

आणि डॉक्टरनं आणखी एक सांगितलं हुतं, की औषध घरातल्या सगळ्यांनी एकदम लावायचं, न्हायतर परत होणार. पोरीनं घरी येऊन सांगितलं मात्र... बायाक्का अशी उसळली! "माझ्या डोस्क्यात? माझ्या? तुझं खूळ माझ्या डोस्क्यात घालतीस व्हय गं? त्यापेक्षा त्ये जंगल कापून टाक!" पोरीनं नवऱ्याकडं बघितलं. रविराज तर पयल्या दिवशीच उशी घिऊन माडीवर गेल्याला. त्यो जिन्यातनंच म्हणला, "काप की. केसच हाय्त, येतील परत." उवांनी जेवढं रगत पिलं नसंल ना, तेवढं त्या एका बोलण्यानं गेलं बघा पोरीचं.

गेली माहेराला. आई नागुबाई, तिनं कायबी इचारलं न्हाय. उन्हात चटई टाकली, डोस्क्याला तेल चोपडलं, आणि फणी घिऊन बसली. एक बट धरायची, मुळापासनं टोकापतोर फणी ओढायची, लिखा नखावर चिरडायच्या, मग फुडली बट. ऊन सरकंल तशी चटई सरकायची. पोरगी रडायला लागली तशी नागुबाई म्हणली, "दुखतंय व्हय गं?" पोरगी म्हणली, "व्हय, दुखतंय." नागुबाईनं वळखलं, पर फणी थांबवली न्हाय. असं लागोपाठ रविवारी रविवारी केलं, आणि डोस्कं कसं लख्ख झालं!

आणि परत खाज! चार दिस गेलं न्हाईत तर परत! आता कुठनं? तर एक दिस बायाक्काचं खांदं धरलं, हात वर जाईना, म्हणली, "भाग्या, केस इंचर गं माझं." पोरीनं अंबाडा सोडला. अंबाडा कसला, लिंबाएवढी गाठ! आणि त्या एवढ्याशा केसात... बाई बाई बाई, बाजार भरल्याला! शनवारचा! पोरगी म्हणली, "आत्या..." बायाक्का लई बारीक आवाजात म्हणली, "कुणाला सांगू नगंस गं. फणी आण." आणि तवाच रविराज दारात येऊन हुबा ऱ्हायला, त्यानं बघितलं सगळं, आणि मागाचं बटण दाबायला निघून गेला.

पोरीनं सासूचं डोस्कं साफ केलं, आईनं जसं केलतं तसंच. कुठं बोलली न्हाय. वाटलं, आता तरी डाग पुसंल.

गणपतीला रूपाली आली. बायाक्का चारचौघींत बसून, करंज्या भरत भरत काय म्हणावी? "हिनं बेळगुंदीसनं आणल्या गं, माझ्याबी डोस्क्यात घातल्या. मी म्हणून निभावलं!" रूपाली म्हणली, "तरीच! माझ्या पोरींना बी हितनंच लागल्या असत्याल." भाग्यलक्ष्मीनं रविराजकडं बघितलं. त्यो मोबाईलमध्ये. बघितल्यालं माणूस, एक शबुद न्हाय! केस दाट असणं हा काय गुन्हा हाय व्हय?... गुन्हाच म्हणायचा.

पोरगी उठली, चप्पल घातली, शहापुरात पार्लरला गेली आणि मानेपतोर कापूनच आली. वेणी कागदात गुंडाळून सासूच्या फुडं ठेवली. तिला वाटलं, आता तरी कुणाच्या काळजात कायतरी हलंल. रविराज म्हणला, "बरं केलंस, सुटलीस." बायाक्का मात्र रडली हं! "अगं बाई, एवढं केस! लोक काय म्हणतील आता?" रडता रडता वेणी हातात घेतली, लांबी बघितली, जाडी बघितली, आणि डोळं पुसून आत कपाटात ठेवली.

परवा सांबऱ्याला लग्न हुतं. बायाक्काच्या डोस्क्यावर एवढा अंबाडा! भोपळ्याएवढा! गंगावन करून घेतलंय, सुनेच्या वेणीचं! एक बाई म्हणली, "बायाक्का, काय लावतासा ओ केसास्नी?" बायाक्का म्हणली, "काय न्हाय बाई, आमच्या घराण्यातच दाट हाय्त." आणि मान न वळवता, "भाग्या, मागनं पिना जरा घट्ट कर गं, सुटाय लागलंय."

केल्या घट्ट. काय करती?