तळ्याकाठची नोकरी

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघं उभे होते. एकाच्या अंगावर वॉचमनचा गणवेश, दुसरा त्याचा मेहुणा. मेहुण्याच्या हातात नोकरीचा कोरा अर्ज.

“भावोजी, कारखाना बंद पडल्यापासून आमच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. इथे बघा, चार वर्षांत केवढ्या कंपन्या आल्या!”

“तळं केलं म्हणून आल्या. बाग केली, होड्या सोडल्या. शिकलेली पोरं म्हणे असल्याच ठिकाणी राहायला तयार होतात.”

“त्यांच्यामागे आपलीही सोय लागते.”

“लागते की. वॉचमन, माळी, झाडूवाला. तुला कुठे चिकटवू, सांग.”

“वॉचमनच. तुमच्यासारखं दिवसभर तळ्यावर.”

“तळ्याकडे पाठ करून. तोंड फाटकाकडे ठेवावं लागतं.”

“पाय दुखले तर बाकं आहेतच.”

“ती लोकांसाठी.”

“ताई तरी मुलांना घेऊन रोज जात असेल.”

“तिकीट आहे रे बाबा. घरच्यांना फुकट सोडतात, पण मी सोबत असलो तरच. तेही ड्यूटी नसताना.”

“मग सुट्टीला न्यायचं.”

“सुट्टी सोमवारी.”

“मग सोमवारी न्या!”

“सोमवारी बाग बंद असते. म्हणून तर सुट्टी मिळते.”

वळणावर बस दिसली.

“पोरांना सांगून आलोय, आता तळ्याकाठी राहायचं म्हणून.”

“तुझ्या ताईलाही मी हेच सांगून आणलं होतं.”

बस येऊन थांबली. रांग हलली.

“भावोजी, पेन आहे का?”