दिल्याने वाढते

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर निवृत्त गुरुजी बसले होते. आत पाचव्या खाटेवर त्यांची सहधर्मचारिणी होती. अर्धवट लोटलेल्या दारापलीकडून परिचारिका आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांचे शब्द कानी पडले.

“चौथ्या खाटेचा जंतू औषधाला दाद देत नव्हता. पण पाचव्या खाटेचा निराळा ना, दादा?”

“निराळाच. पण जातकुळी जंतू पाहत नाहीत, ताई. औषध पचवायची युक्ती एकाला साधली, की तो शेजाऱ्याला देतो.”

“म्हणजे फुकटची शिकवणीच की!”

“आणि दिल्यानं त्याची कमी होत नाही. आजच्या तपासणीत पाचव्या खाटेच्या जंतूवरही एकही औषध चाललं नाही.”

“गुरुजींना कोण सांगणार?”

परिचारिकेने दार उघडले.

“ऐकलं, बाळ,” गुरुजी म्हणाले. “विद्या दिल्याने वाढते, हे चाळीस वर्षं मीच शिकवलं.”

मग उठून ते पाचव्या खाटेकडे निघाले.