मोरूकाकांचं स्टूल

सुचिता : कॉर्नर! काका, कॉर्नर मिळाला आपल्याला!

मोरू : मारतंय कोण?

सुचिता : क्रांतीच, तुमची लेक! उडवला... अरे देवा, सगळ्यांच्या डोक्यावरून गेला.

साहिल : काका, मान सरळ! समुद्राकडे! आत्ता हलली, मी बघितली.

मोरू : माशी बसली रं कानावर.

साहिल : बसू दे माशीला. फायनल आहे, एक-एक झालंय, शेवटची पाच मिनिटं. भातं कापायची सोडून अर्धा तालुका आलाय, दिघीवाले कप न्यायला बोट भरून आलेत, आणि मी ताशा सोडून तुमच्यावर पहारा देतोय!

सुचिता : गप रे साहिल. दर मॅचला काकांना असं पाठमोरं बसवायचं म्हणजे...

मोरू : बसवतंय कोण? मीच बसतो. सात वर्सं झाली. तीनदा वळून बघितलं, तिन्ही टायमाला हरलो. म्हनून कॉलेजच्या कँटिनमधलं स्टूल आणायचं, माडाखाली टाकायचं, तोंड दर्याकडं. गालावरचा पिवळा पट्टा पन दर्यालाच दाखवायचा.

साहिल : गेल्या वर्षी सेमीला शिट्टी ऐकून वळलात आणि दोन मिनिटांत गोल खाल्ला आपण.

मोरू : व्हय. चार दिस जेवान गेलं न्हाय मला.

सुचिता : पण या वर्षी क्रांती खेळतेय ना! चार मॅच झाल्या, तिला एकदाही खेळताना बघितलं नाहीत.

मोरू : ऐकतो की. तिच्या पायाचा बॉल येगळा वाजतो.

सुचिता : तिला किती वाईट वाटत असेल.

मोरू : बोलली ना परवा. "बाबा, आख्ख्या कॉलेजनं मला बघितलं, तुम्हीच न्हाय." मी बोललो, कप आण, मंग बघतो.

सुचिता : पाडली! काका, क्रांतीला पाडली! दिघीच्या पाच नंबरनं पाय घातला, अगदी गोलसमोर!

मोरू : लागलं का? सुचिता, पोरीला लागलं का?

साहिल : वळू नका!

सुचिता : उठली, उठली. गुडघा झाडतेय. पेनल्टी! साहिल, पेनल्टी दिली!

साहिल : या अल्ला! वाजवू की नको?

मोरू : मारतंय कोण?

सुचिता : तीच. बॉल उचललाय... पण ठेवत नाहीये. इकडे बघतेय.

मोरू : इकडं कशाला? गोल तिकडं हाय.

सुचिता : हातानं खूण करतेय. वळा म्हणतेय तुम्हाला.

मोरू : न्हाय. सांग तिला, न्हाय.

सुचिता : ऐकत नाही ती. बॉल काखेतच. रेफ्री घड्याळ दाखवतोय!

मोरू : साहिल, तू सांग रं. काय करू?

साहिल : मला काय विचारता... वळा काका. हरलो तर हरलो. वळा!

(वाळूत स्टूल फिरल्याचा आवाज.)

सुचिता : हसली! ठेवला बॉल. मागे सरकली... धावली...

साहिल : गोऽऽल! काका, गोल! पनवती गेली! कसा कोपऱ्यात घातला, बघितलंत ना?

मोरू : झाला? खरंच झाला?

सुचिता : म्हणजे काय? काका... डोळे मिटून बसलात तुम्ही?

मोरू : माझं तोंड दिसलं ना तिला? तेवढ्या लांबून डोळं कुठं कळतात. तिचं पन मन ऱ्हायलं, कॉलेजचा कप पन.

साहिल : शिट्टी झाली! जिंकलो! आता तरी उघडा!

सुचिता : क्रांती धावत येतेय, काका.

मोरू : येऊ दे. जवळ आली की सांग. उघडल्यावर पयली तीच दिसू दे.