सहा दोऱ्या आणि सावंतकाकू

अगं, दादाच्या डिप्लोमाचं सबमिशन कसं बुडालं ते ऐक. एकाच खांबावरून जाणाऱ्या, प्रत्येकी तीन तारांच्या दोन वीजलाइनींचा रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा एक प्रकारचा अडथळा, काढायचा होता. तो तारांमधल्या अंतरावर ठरतो, म्हणून त्याने चाळीच्या गॅलरीत दोन बांबूंना सहा दोऱ्या ताणून बांधल्या. मी मोजायची टेप घेऊन येते तर दोऱ्यांवर शेजारच्या सावंतकाकूंचे ओले परकर, आणि दोऱ्या पार लोंबलेल्या!

"काकू, अहो, या दोन लाइनींच्या तारा आहेत!" दादा ओरडला.

"दोन लाइनी चालतात ना? मग तिसरी माझी!"

जाताना मला म्हणाल्या, "वाळले की घड्या घाल गं."

मला नाही म्हणता आलं नाही. संध्याकाळपर्यंत थांबून मी घड्या घातल्या, आणि तोवर सबमिशनची वेळ टळून गेली. दादा अजून बोलत नाही. काकूंशी नव्हे, माझ्याशी!