उथळ चेंबरच्या गाडीबाबत

जबाब देणार: तक्रारदाराची पत्नी. वय त्रेसष्ट. धंदा शिवणकाम, पडदे, उशांचे अभ्रे आणि गाड्यांच्या सीटची कव्हरे. राहणार क्रँक घासण्याच्या कारखान्यामागील दोन खोल्या, वाट जिन्याखालून.

समक्ष विचारल्यावरून सांगते, की वरील ठिकाणी मी, माझे पती आणि पतींची थोरली बहीण असे तिघे राहतो. त्यांच्या बहिणीला मी वन्सं म्हणते. त्या सध्या बाहेर बाकावर बसल्या आहेत. माझे पती त्यांच्या शेजारी बसले आहेत, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

आज सकाळी पतींनी या ठाण्यात येऊन गाडी, बायको आणि बहीण तिन्ही गेल्याचे सांगितले, आणि ठाणे अंमलदारांनी कोणत्या क्रमाने लिहू असे विचारले असता गाडी आधी लिहा म्हणाले, असे मला येथे समजले. याबद्दल माझे काही म्हणणे नाही. गाडी चोरीस गेलेली नाही. ती वन्संनी चालवली व मी शेजारी बसले होते. गाडीचे कागद पतींच्या नावावर असले तरी गाडी वन्संची आहे, हे आमच्या गल्लीत कोणीही सांगेल.

वन्संनी सगळा जन्म क्रँक घासण्यात काढला. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा नागमोडी दांडा. घासायच्या मशीनवर त्या अशा उभ्या राहत की जणू कोणाला झोपवत आहेत. मशीनच्या आवाजाने त्यांचा डावा कान केव्हाच गेला. उजव्या कानामागे आता गाठ आहे आणि ती सोमवारी काढायची आहे. गाठीबरोबर त्या कानाचे ऐकणेही जाणार, असे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितले. दवाखान्यातून परत येताना वन्सं म्हणाल्या, "चेंबरचं काय करायचं गं?"

चेंबर म्हणजे काय, असे साहेबांनी विचारले म्हणून सांगते. इंजिनाच्या तळाशी पत्र्याची परात असते, तिच्यात तेल साठते. तिला ऑइल पॅन म्हणतात, गॅरेजवाले चेंबर म्हणतात. वन्संच्या गाडीचे इंजिन स्ट्रोकर आहे. म्हणजे त्यांनी क्रँकच्या पिना मध्यापासून किंचित बाहेर सरकवून घासल्या, त्यामुळे पिस्टन पूर्वीपेक्षा जास्त खोल जातो, जास्त वर येतो, आणि तेवढ्याच इंजिनातून जोर जास्त निघतो. पण क्रँकचा घेर वाढला की तो जुन्या चेंबरमध्ये मावत नाही. अंगात भरलेल्या माणसाला जुना सदरा घालावा तसे होते. वन्संनी जुन्या चेंबरच्या आत मुलांच्या खेळातली मऊ माती थापली, चेंबर बसवला आणि क्रँक हाताने एक फेरा फिरवला. उघडून पाहिले तर मातीत कोणी झोपेत बोट ओढावे तशा रेघा उमटल्या होत्या. वन्संनी त्या रेघांवरून बोट फिरवले. म्हणाल्या, "बघ, हा कुठं कुठं जाऊन येतो ते."

नवा चेंबर कोणता घ्यायचा यावरून घरात वाद झाला. पतींचे म्हणणे खोल चेंबर घ्यावा. तो दुकानात तयार मिळतो, तेल जास्त मावते, क्रँक तेलाला शिवत नाही, म्हणून फेस होत नाही. हे सर्व खरे आहे. पण खोल चेंबर पुढच्या आडव्या दांडीच्या खाली वीतभर लोंबतो. मी गाडीखाली झोपून पाहिले. दगड लागला की चेंबर फुटणार, हे शिवणकाम करणाऱ्या बाईलाही दिसते.

पती म्हणाले, "दगड येतो कुठून? रस्त्यावर चालवायची ना?"

वन्सं म्हणाल्या, "मला तळ्यात न्यायचीय."

गावाबाहेरचे मोठे तळे आटले आहे. त्याचा तळ फरशीसारखा सपाट आहे, पण खाली उतरायची वाट खडकाळ आहे. पतींनी विचारले की तळ्यात काय ठेवले आहे. वन्सं म्हणाल्या की काही नाही, म्हणूनच न्यायची आहे. कारखान्यात इंजिन चालू केले तर पत्रेच जास्त वाजतात. रस्त्यावर दुसऱ्यांचे आवाज येतात. त्यांना आपला क्रँक एकदा भिंतीशिवाय ऐकायचा होता.

म्हणून वन्संनी उथळ आणि रुंद चेंबर ठरवला. त्याला दोन्ही अंगांना पंख असतात आणि तेल खोलीत न साठता पंखांत पसरते. त्याची अडचण पतींनी सांगितली, तीही खरी होती. ते म्हणाले, "ताई, वळणावर सगळं तेल एका अंगाला पळेल. तेल ओढणारी गाळणी कोरडी पडेल. पंप हवा ओढेल. डोळ्याचं पातं लवेपर्यंत तुझा क्रँक जळालेला असेल."

त्या दुपारी वन्संनी माझे भाजायचे काचेचे भांडे घेतले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि त्यात बोटभर तेल ओतले. भांडे तिरके केले की तेल एका कडेला जाई, सरळ केले की परत येई. मग त्यांनी पत्र्याच्या पट्ट्या कापून आत उभ्या केल्या आणि पट्ट्यांना छोट्या झडपा लावल्या. झडपा आतल्या बाजूलाच उघडत. तेल मधल्या कप्प्यात येऊ शके, बाहेर जाऊ शकत नसे. मी तशी झाकणे खिशांना लावते, सुटे पैसे सांडू नयेत म्हणून. खिडकीतून ऊन येत होते आणि तेलातून टेबलावर उतरत होते. वन्सं भांडे डावीकडे झुकवत, उजवीकडे झुकवत, आणि पिवळा उजेड भिंतीवरून माझ्या हातावर, हातावरून त्यांच्या गळ्यावर सरके. आम्ही किती वेळ तसे बसलो ते सांगता येत नाही. गॅसवर काहीतरी करपले. काय होते ते आता आठवत नाही.

पुठ्ठ्यावर मी चेंबरचा नमुना कापला, ब्लाउजचा कापते तसा. उजवा पंख स्टिअरिंगच्या दांड्याला लागत होता म्हणून तिथे थोडी काख काढली. पत्र्याचे काम वेल्डरने केले. त्याने विचारले, "काकू, हे इंजिनाचं आहे की माशाचं?" गाळणी तळापासून करंगळीच्या जाडीइतकी वर ठेवली. मातीची परीक्षा पुन्हा केली, रेघ उमटली नाही. पतींनी कशाला हात लावला नाही, पण बोल्ट आवळताना कोणता आधी, कोणता मग, ते दारात उभे राहून सांगत होते.

चेंबर बसल्यावर इंजिन कारखान्यातच उभ्या गाडीत चालवून पाहिले. ठीक चालले. पती म्हणाले, "आता उभीच राहू दे. आधी ऑपरेशन, मग तळं." पतींनी मान वळवली आणि गाडीची किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. त्यांचा स्वभाव वाईट नाही. त्यांना कानाची गोष्ट तोंडाने बोलता येत नव्हती, म्हणून ते गाडीवर बोलत होते.

काल संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याचे बटण लावायला मी सदरा मागितला. बटण खरेच तुटले होते. किल्ली मी काढली, वन्संनी काढायला सांगितले नव्हते.

आज उजाडताना आम्ही दोघींनी शटर वर केले. गल्लीला उतार आहे. हँडब्रेक सोडल्यावर गाडी आपणहून निघाली, दिवे न लावता, आवाज न करता, दोन्ही बाजूंच्या बंद दारांमधून. एका गच्चीवर वाळत घातलेली चादर होती, ती हलली नाही. कोपऱ्यावर वन्संनी किल्ली फिरवली.

तळ्याच्या वाटेवर खडक होते. मी पाय उचलून बसले होते, जणू माझ्या पायांनी चेंबर वर राहणार होता. खाली काही लागले नाही. फक्त गवत तळावरून हात फिरवल्यासारखे जात होते.

तळ्यात धुके होते. काठ दिसत नव्हता, आणि थोडे आत गेल्यावर आलो ती वाटही दिसेना. जमीन पांढरी, वर पांढरे. गाडी चालते आहे हे फक्त आवाजावरून कळत होते. वन्संनी खिडकीची काच खाली केली, उजवा कान बाहेर काढला आणि मला म्हणाल्या, "तू सुई बघ. मी ऐकते." ऑइल मीटरची सुई पडली की लगेच हाक मारायची, एवढेच माझे काम होते.

आधी सरळ गेलो. मग त्यांनी उजवा फेरा घेतला, मोठा, मग लहान. मग डावा. इंजिनाचा आवाज मला सांगता येणार नाही. मी शिलाई मशीनच्या आवाजात वाढलेली बाई. तो वरून येत नव्हता, खालून सीटमधून, मी शिवलेल्या कव्हरमधून पाठीत येत होता. फेरा घेताना पोटात काहीतरी एका बाजूला सरके आणि परत जागेवर येई, आणि मला वाटले की काचेचे भांडे आता आम्ही आहोत आणि कोणीतरी आम्हाला अगदी सांभाळून झुकवत आहे. सुई पूर्ण वेळ जागेवर होती.

मग वन्संनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केले नाही. त्या उतरल्या, बॉनेट उघडले आणि कान जवळ नेऊन उभ्या राहिल्या. धुके बॉनेटमध्ये शिरत होते आणि तिथून वर निघत होते. त्यांच्या केसांवर पाणी जमले होते. मी गाडीतच थांबले.

धुके वर गेले तेव्हा आमच्या भोवती चाकांची वर्तुळे दिसली, एकात एक. मला वाटले होते आम्ही फार लांब गेलो. आम्ही काठाजवळच होतो. काठावर गस्तीचे हवालदार मोटारसायकल लावून उभे होते. ते किती वेळ उभे होते ते त्यांनी सांगितले नाही. जवळ येऊन त्यांनी विचारले, "काय करताय, मावशी?" वन्सं म्हणाल्या, "ऐकतेय." हवालदारांनी त्यांनाही ऐकू दिले आणि स्वतःही थोडा वेळ ऐकले. मग म्हणाले की या नंबरच्या गाडीची तक्रार आहे, ठाण्यात यावे लागेल. गाडी वन्संनीच चालवत आणली. हवालदार मागून आले.

ठाण्याच्या दारात माझे पती उभे होते. त्यांच्या एका पायात माझी चप्पल होती. ते गाडीभोवती फिरले, वाकून खाली पाहिले, गुडघे झटकले आणि बाकावर जाऊन बसले.

आम्हाला कोणी फूस लावलेली नाही, धमकावलेले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझा जबाब येथे संपला.

दुरुस्ती: वरील जबाब वाचून दाखवताना वन्संना आत बोलावण्यात आले. पतीही आत आले. सुई पूर्ण वेळ जागेवर होती, हे वाक्य वाचल्यावर वन्सं म्हणाल्या, "थांबा. ते खरं नाही. सुई एकदा हलली."

मी म्हणाले, "मी बघत होते, वन्सं."

त्या म्हणाल्या, "डाव्या फेऱ्यात तू डोळे मिटले होतेस. तेल तुटलं की वरचे टॅपेट वाजतात, ते एकदा टकटकले. मी ऐकलं."

मी डोळे मिटले होते, हे खरे आहे. तसे लिहावे.

यावर माझे पती पहिल्यांदा बोलले. त्यांनी विचारले, "डाव्याच?"

"डाव्याच."

"एकदाच?"

"एकदाच."

"डाव्या फेऱ्यात तेल उजवीकडे पळतं. म्हणजे उजवी झडप नीट मिटत नाही." ते साहेबांच्या टेबलावर बोटाने काहीतरी काढू लागले. मग म्हणाले, "सोमवारनंतर चेंबर उतरवून बघू."

वन्सं त्यांना म्हणाल्या, "सोमवारनंतर तू मला काय सांगणार, मिटली म्हणून? मी कशी मानू?"

काढलेले पुसावे तसा पतींनी टेबलावरून तळवा फिरवला. मग साहेबांना म्हणाले, "माझी तक्रार फाडून टाका. गाडी आत्ता लागेल. आज उतरवली तर उद्या सकाळी परत तळ्यात नेता येईल." आणि वन्संना म्हणाले, "ताई, मागच्या सीटवर मला जागा कर."

तक्रार फाडता येत नाही, मागे घेता येते, असे साहेबांनी सांगितले. पतींनी ती मागे घेतली आहे. गाडी आमच्या ताब्यात मिळाली.

दुरुस्तीसह हा मजकूर साहेबांनी सुरुवातीपासून पुन्हा वाचला, वन्संच्या सांगण्यावरून सावकाश आणि मोठ्याने. मी ऐकला. वन्सं उजवा कान पुढे करून बसल्या होत्या, त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. बरोबर आहे.