सुभद्रेचा ठेका

अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. अकोल्याच्या बाजारापाशी गाड्या खोळंबलेल्या. रांगेच्या कडेनं एक सिद्दी फकीर आपल्या हबशी पूर्वजांचा ढोल वाजवत फिरत होता. मागच्या गाडीत नवऱ्याशेजारी बसलेल्या जमुनेच्या कानावर पुढच्या गाडीतल्या दोघी जावांचं बोलणं पडलं.

“याचा ठेकाच सापडत नाही वं, सुभद्रे.”

“मले सापडला, जाऊबाई. एक लांब, एक आखूड. माह्या लंगड्या पायासारखा.”

“काहीही बोलतं!”

“हे पाहा, उतरली मी खाली.”

“अवं माय! पाय बरोबर पडून राह्यला की!”

“ताल मोडते म्हणून फुगडीत कोणी घेतलं नाही मले. बाबा, लई उपकार झाले. भाकर घ्या.”

“बेटी, मैं तो बस बजाता हूँ. चाल तुम्हारी है.”

“सुभद्रे, गाड्या हालल्या. चढ लवकर!”

“तुमी व्हा पुढं. ढोल वाजते तोवर मी चालतच येईन.”

पुढं चालणाऱ्या सुभद्रेला घाई होऊ नये म्हणून जमुनेनं धन्याला बैल आवरायला सांगितलं.