काचेतली खुर्ची

मॅनेजर : मावशी, उठा. बाहेरून सगळ्या रस्त्याला दिसताय तुम्ही.

मावशी : दिसू दे. अख्ख्या दुकानात खुर्ची ही एकच, तीही काचेतल्या पुतळ्याला. आम्ही दिवसभर उभ्या. आज म्हटलं, त्याचे जरा पाय मोकळे करावेत.

मॅनेजर : पुतळा कुठाय मग?

मावशी : माझ्या जागी. शर्टांच्या काउंटरवर.

मॅनेजर : म्हणजे मघाशी मी वरच्या फळीवरचे गठ्ठे काढा म्हणालो, ते...

मावशी : काढले का त्यानं?

मॅनेजर : नाही. मला वाटलं, तुम्ही रागावलात.

मावशी : ते बरोबर वाटलं.

मॅनेजर : गिऱ्हाइकांसमोर बसायचं नाही, हा नियम आहे. मालकांनी पाहिलं तर आजच कामावरून काढतील तुम्हाला. घरात दुसरं कमावणारं कोण आहे?

मावशी : कुणी नाही. म्हणून तर इतकी वर्षं मुकाट उभी राहिले. पण काल ही बिलवाली चक्कर येऊन पडली, तेव्हा तू काय केलंस?

मॅनेजर : पाणी दिलं.

मावशी : आणि?

मॅनेजर : खांबाला टेकवलं. टेकायला परवानगी आहे.

मावशी : उभंच टेकवलंस रे. मेलेल्या माणसालासुद्धा आडवं करतात.

बिलवाली : सर, बाहेर एक बाई विचारतायत, मावशींच्या अंगावरचा स्वेटर कितीला?

मॅनेजर : विकायचा नाही म्हणावं.

बिलवाली : सांगितलं. या जिवंत आहेत, हेही सांगितलं. त्या हबकल्याच. मग म्हणाल्या, बसू दे त्यांना. मावशी, सरका जरा.

मॅनेजर : तू कुठे निघालीस?

बिलवाली : आत काचेत. मला खुर्ची नको, फरशी चालेल.

मॅनेजर : अगं, बिलं कोण करणार?

बिलवाली : लहान मुलांच्या कपड्यांतला एक पुतळा मोकळाच आहे, सर.

मॅनेजर : मला घाम फुटलाय आणि तुला विनोद सुचतायत. आणि ते समोर काय चाललंय?

मावशी : चपलांच्या दुकानातली पोर. मघापासून टक लावून बघत होती. बसली शेवटी, खोक्यांवर.

मॅनेजर : आणि शेजारच्या घड्याळवाल्याकडची? तीपण काचेत? मावशी, खरं सांगा, तुम्ही या सगळ्यांना आधी काही बोलला होतात?

मावशी : एक अक्षर नाही. मी नुसती बसले.

बिलवाली : सर, पाय घ्या. आपल्या कापडवाल्या दोघी येतायत आत.

(फोन वाजतो. मॅनेजर काचेकडे बघत तो कानाला लावतो.)

मॅनेजर : हो मालक. हो, खरं ऐकलंत, बसलीय. नाही, मी झोपलो नव्हतो. काचेत बसलेल्या बाईला काढायचं, आत्ताच्या आत्ता. हो, समजलं. फक्त कुठल्या बाईला, तेवढं सांगा.